हरबऱ्यातला माझा आवाज

लेथ चालू असताना हळू बोलता येत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एकदा चालू लेथजवळ उभं राहून शेजारच्या माणसाला किती वाजले ते विचारून पाहावं. मी हयातभर वाशीम जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपचा निदेशक होतो. पोरं मला तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. परवा संपादकांचा फोन आला, "सर, आमच्या दिवाळी अंकासाठी नोकरीचे अनुभव लिहा, जरा हलकेफुलके." मी "बरं" म्हटलं. तर ते म्हणाले, "कळलं सर, कळलं, फोन कानाला लावला आहे मी." तेव्हाच ठरवलं, की दुसरं काही लिहायचं नाही, आवाजावरच लिहायचं.

बाहेरच्या माणसाला वर्कशॉप म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनिअर व्हायला आलेल्या प्रत्येक पोराला, मग तो पुढे जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसणार असला तरी, पहिल्या वर्षी आमच्याकडे यावंच लागतं. लोखंडाच्या तुकड्याला कानस मारायची, लाकडाचा सांधा जोडायचा, वेल्डिंग करताना शेजाऱ्याचे डोळे जपायचे, आणि शेवटी लेथ. लेथ म्हणजे एक गरगर फिरणारं यंत्र. त्याच्या तोंडाला चक म्हणतात. चकात लोखंडाचा गोल तुकडा आवळून पकडायचा, यंत्र फिरवायचं, धारदार हत्यार लावायचं, की लोखंडाची साल निघते बटाट्याची निघते तशी. चक आवळायला एक जाडजूड चावी असते. ती चावी काढायची विसरून बटण दाबलं, तर ती सुटते आणि कुठे जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. आमच्या पत्र्याला एक भोक आहे, ते मी दर वर्षी नव्या पोरांना वर बोट करून दाखवायचो. पोरं "बाप्पा!" म्हणायची, आणि पुढच्या तासाला चावी चकातच ठेवायची.

मग मी ओरडायचो. पण एक सांगतो, मी कोणाला शिवी दिली नाही. आई-बहिणीवर जाणं हे आळशी माणसाचं काम, त्याला डोकं लागत नाही. रागावणं हे कसब आहे. "काहून रे, चावी चकात कोनासाठी ठेवली? आजीले नथ कराची हाय का तिची?" "कानस मारून राह्यला का लोखंडाची मालिश करून राह्यला?" "गॉगल डोक्यावर कायले चढवला? डोळे तिकडं राहाले गेले का तुहे?" शिवाय प्रत्येक वेळी नवं सुचावं लागतं. तेच वाक्य दुसऱ्यांदा वापरलं की पोरं हसतात, आणि हसणारा पोरगा हाताकडे बघत नाही.

आमच्या विद्यापीठात दर वर्षी एक स्पर्धा होते. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी रोजच्या उपयोगाची एखादी नवी वस्तू बनवून आणायची. नियम असा, की ती वस्तू खऱ्या माणसानं खऱ्या जागी वापरून पाहिलेली असावी, आणि तो माणूस परीक्षकांसमोर उभा करावा. संक्रांत आली की पोरं चित्रं काढलेले कागद घेऊन माझ्याकडे रांग लावायची, "सर, उलीसं एवढं वेल्डिंग करून द्या." एका वर्षी चालता चालता मोबाइल चार्ज करणारे बूट झाले. शिरपूर जैनचा एक पोरगा ते घालून गावापासून आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावपर्यंत चालत गेला, तर बापाला "पोचलो" म्हणण्यापुरतं चार्जिंग झालं. घरी परत यायला मात्र त्याला बसच धरावी लागली, कारण बुटानं पाय सोलले होते. दुसऱ्या वर्षी पंख्याचं हेल्मेट झालं. ते वापरणाऱ्या काकांचे केस पंख्यात गेले आणि काका परीक्षकांसमोर उभं राहायलाच तयार होईनात. एकदा पोळी लाटणारं यंत्र झालं. पोळी गोल झाली, पातळ झाली, आणि यंत्राच्या दुसऱ्या बाजूनं सुटून थेट एका परीक्षकांच्या मांडीवर पडली. आम्ही दर वर्षी सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन परत यायचो. पोरं खूश असत. मी नसे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नव्या प्राचार्य मॅडम आल्या. बाई भली. पण आवाज इतका मऊ, की मीटिंगमध्ये त्या बोलायला लागल्या की कोणीतरी उठून पंखा बंद करायचा. त्या वर्षी थंडी लवकर पडली. पहिल्या वर्षाचा एक पोरगा गळ्यात लांब मफलर घालून आला आणि तसाच चालू लेथवर वाकला. मफलरचं टोक चकापाशी लोंबत होतं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतो. तिथून मी जो आवाज दिला, तो ऐकून त्यानं मफलर तर काढलाच, स्वेटरही काढला, आणि शर्टाच्या बटणांना हात घातला तेव्हा बाकीच्यांनी त्याला धरलं. मग तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी कारंज्याहून त्याचे मामा आले. कडक इस्त्रीचे. आमचा भाचा अपमानानं जेवला नाही, म्हणाले. मॅडमनी मला बोलावलं.

"सर, आपण मुलांना विनंती करू शकत नाही का?"

"करतो ना मॅडम. पण मफलर चकात जाले जेवढा वेळ लागते ना, तेवढ्यात 'कृपया' म्हनूनच होत नाही."

"तरीही. मुलं घाबरतात."

"घाबरावं म्हनूनच तं ओरडतो मी!"

मॅडमनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "सर, तुमच्याविरुद्ध पुन्हा एक तक्रार आली, तर मी तुम्हाला वर्कशॉपमधून काढून परीक्षा विभागात बसवीन. निवृत्तीपर्यंतचे महिने तिथे शांततेत जातील."

उन्हाळ्यात मी रिटायर होणार होतो. आमचा परीक्षा विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधतात. सगळी उमर लोखंडासोबत काढलेला माणूस मी, आणि शेवटी सुतळीच्या गाठी मारत घरी जाऊ? मला वर्कशॉपच्या दारातूनच रिटायर व्हायचं होतं. तेलकट हात धुवावे, मशीनवरून एकदा फडकं फिरवावं आणि निघावं. या नोकरीत मला दुसरं काही मागायचं उरलं नव्हतं. म्हणून मी गोड बोलायला लागलो.

"बाळा, चावी काढून घेतोस का?" असं मी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा त्या पोरानं यंत्र बंद करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सर, तब्येत बरी हाय ना तुमची?" पोरींनी लिंबू सरबत आणून दिलं. एकानं खुर्ची आणली. पण पोरं गोड बोललेलं ऐकत नाहीत, हे मला माहीत होतंच. मग काय करणार? ओरडायच्या ऐवजी मी पळायला लागलो. या लेथवरून त्या लेथवर, तिथून मेन स्विचवर. महिन्याभरात पट्टा आत घ्यावा लागला आणि गुडघे बोलायला लागले. दाबून ठेवलेलं सगळं घरी निघायचं. बायको एक दिवस भडकली. "कॉलेजात गूळ वाटता अन् घरी मिरची! माह्यावर काहून तोंड सोडता? म्या कोनत्या चकात चावी ठेवली?"

त्याच हिवाळ्यात पल्लवी राठोड आणि नितीन ही शेवटच्या वर्षाची जोडी माझ्याकडे कागद घेऊन आली. पल्लवी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची, नितीन आसेगावचा. पल्लवी बोलायची कमी, करायची जास्त. नितीनचं उलट. त्यांना रोही हाकलायचं यंत्र करायचं होतं.

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय आणि अंगानं घोडा. मारायचं कोणाच्या मनात येत नाही आणि कायदाही आड येतो. हरबरा हिरवा झाला की यांचा कळप वावरात उतरतो. खातात थोडं, तुडवतात जास्त. म्हणून आमच्याकडे हिवाळाभर जागल करावी लागते. वावरात लाकडाचा उंच माळा बांधायचा, घोंगडं पांघरून त्यावर बसायचं, डबा वाजवायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. पल्लवीचे बाबा कळत्या वयापासून दर हिवाळा असाच माळ्यावर काढत होते आणि दिवसभर खोकत होते.

"माह्या बाबानं एक हिवाळा तरी घरात झोपावं, सर," पल्लवी म्हणाली. एवढंच म्हणाली. मी वेल्डिंगचा चष्मा चढवला.

यंत्र तसं साधं होतं. एक खांब, वर सोलरची पाटी, खाली पेटीत बॅटरी, आणि कोणी जवळ आलं की ओळखणारा सेन्सर. रोही आला की कर्ण्यातून मोठा आवाज सुटायचा. खांब आणि पेटी मी केली, वायरी नितीननं जोडल्या. प्रश्न एकच होता, आवाज कशाचा लावायचा.

आधी त्यांनी मोबाइलवरून वाघाची डरकाळी उतरवून घेतली. रोही पळाले. पण तांडाही पळाला. वाघ आला अशी बोंब झाली, लोकांनी दारं लावून घेतली, जंगल खात्याची माणसं येऊन धुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, पंजे शोधत फिरली. पल्लवीनं लाजत लाजत पेटी उघडून दाखवली तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, "पोरी, मशीनचे पंजे राहात नाही, एवढं तरी आधी सांगाव!" मग फटाक्यांचा आवाज लावला. रोही दोन-चार दिवस गेले, मग मान वर करून ऐकायला लागले. मग खुद्द पल्लवीच्या बाबांचाच आवाज भरला. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पल्लवी म्हणाली, "बाबाले घरची कोंबडी बी भेत नाही, सर."

आणि मग एक दिवस नितीन उड्या मारत आला. "सर, जमलं! एकही रोही थांबून नाही राह्यला!"

"काय लावलं रे?"

"मानसाचा आवाज, सर."

"कोनाचा?"

नितीनला एकदम आठवलं की त्याचा चार्जर हॉस्टेलवर राहिला आहे.

पुढच्या रविवारी पल्लवीच्या आईनं हुळा खायला बोलावलं. हुळा म्हणजे ओला हरबरा शेतातच काड्यांवर भाजायचा आणि गरम गरम सोलून खायचा. नितीनच्या गाडीवर मागे बसून मी तांड्यावर गेलो. पल्लवीची आई तांब्या घेऊन आली. मी म्हटलं, "राहू द्या ताई, आधी हात धुतो." घरात बोलावं तसंच बोललो. तर तिच्या हातातला तांब्या खाली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वावरातल्या खांबाकडे.

"अवो माय! मशीन तं इथं उभी हाय!"

ओसरीवरची लेकरं भुर्रकन घरात पळाली. जरा वेळानं दारातून एक डोकं बाहेर आलं. "काका," ते डोकं म्हणालं, "ते आजीले नथवालं म्हना ना!"

मी नितीनकडे पाहिलं. नितीन हरबरा सोलण्यात अतिशय गुंतला होता.

दिवस कलला तसा रोह्यांचा कळप उतरला. पुढे एक काळा दांडगा नर. त्यानं हरबऱ्यात तोंड घातलं आणि कर्णा कडाडला, "काहून रे! चावी चकात कोनासाठी ठेवली? आजीले नथ कराची हाय का?" रोह्यानं मान उचलली. तोंडात हिरवा फाटा तसाच. "डोळे तिकडं राहाले गेले का तुहे?" कर्ण्यानं विचारलं, आणि अख्खा कळप शेपट्या उचलून धुऱ्यापार झाला. माझा आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत आला. आयुष्यभर ओरडलो, पण स्वतःचं ओरडणं असं समोर बसून मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा मला संताप आला. लगेच मागून, खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. आणि त्याच्या मागून भीती. हे यंत्र स्पर्धेला जाणार, तिथे मॅडम असणार, आणि माझा आवाज मॅडम ओळखणार. म्हणजे तक्रार घेऊन कोणी यायचीही गरज नाही, मीच कर्ण्यातून ती ओरडून सांगणार.

पल्लवी समोर येऊन उभी राहिली. "सर, मागच्या वर्षी नितीननं वर्कशॉपात फोनमंदी भरून ठेवलं होतं. होस्टेलात पोट्टे अलार्म लावते त्याचा. तुमी नाही म्हनलं, तं आजच काढतो."

"दुसऱ्या कोनाचा नाही चालत का?"

"लावून पाह्यला, सर. आपल्या गनिताच्या सरांचा तास लावला. रोही बसले."

"बसले म्हनजे?"

"खालीच बसले. रवंथ करत."

तिचे बाबा बाजूलाच होते. दाढी केलेली, अंगावर धुतलेली शाल. खोकला नव्हता. ते हसून म्हणाले, "सर, म्या आता घरातच झोपतो. बायको म्हनते, तुमी घोरता लय. इतके हिवाळे गेले, तिले मालूमच नोतं."

आता अशा माणसासमोर बसून, त्याचाच हुळा खात, माझा आवाज काढून टाका असं म्हणायचं तोंड मला नव्हतं. मी म्हटलं, "राहू द्या." येताना गाडीवर नितीनशी एवढंच ठरलं, की स्पर्धेत वाघाचा आवाज वाजवायचा, माझा नाही.

पण रोही काही मूर्ख नाही. थोड्याच दिवसांत पल्लवी तोंड पाडून आली. "सर, सरावले ते. आता 'नथ' म्हनलं की मान हालवते अन् खाते. बाबा पुन्हा माळ्यावर गेले." नवं रागावणं पाहिजे होतं. नितीननं फोन पुढे धरला. मी घसा साफ केला. राग असा मागून येतो का? आणि इतके दिवस गोड बोलून बोलून माझी तर जीभच वळेना. "ए रोही," मी म्हणालो, "काय करून राह्यला रे? जाय बरं."

"सर," नितीन म्हणाला, "हे तं तुमी त्याले जेवाले बोलावून राह्यले."

दुसऱ्या दिवशी मॅडम बैठकीसाठी अमरावतीला गेल्या. दुपारी मी स्टोअरमधून बाहेर आलो, तर समोर लेथवर नितीन वाकलेला, चावी चकात, आणि हात बटणावर! त्यापुढचं मला नीट आठवत नाही. पत्र्यावरची कबुतरं उडाली एवढं आठवतं. कारंज्याच्या मामांपासून पुढचं जे जे पोटात साचलं होतं, ते सगळं बाहेर पडलं. थांबलो तेव्हा पाहिलं, पल्लवी खांबाआडून फोन धरून उभी होती आणि मेन स्विच तिनं आधीच पाडून ठेवलेला होता. यावर खरं म्हणजे आणखी रागवायला पाहिजे होतं, पण शिल्लकच काही राहिलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. फार दिवसांनी बरं वाटलं.

त्या संध्याकाळपासून पल्लवीचे बाबा पुन्हा घरी झोपायला लागले.

स्पर्धेच्या दिवशी यंत्र उपटून विद्यापीठात नेलं, म्हणून बाबा वावरात थांबले आणि वापरणारं माणूस म्हणून पल्लवीची आई आली. मोठा हॉल, ओळीनं टेबलं, टेबलांवर पोरांची यंत्रं. मॅडमही हौसेनं आल्या होत्या. मी मागच्या एका खांबाआड उभा राहिलो. खांब जरा बारीकच होता.

तीन परीक्षक आले. पल्लवीनं छान समजावून सांगितलं. नितीननं वाघ वाजवला. परीक्षक मान हलवत पुढे निघालेच होते, तेवढ्यात त्यातल्या सगळ्यात मोठ्यांनी सहज वळून पल्लवीच्या आईला विचारलं, "काय ताई, वाघाला घाबरून पळतात का हो रोही?"

"वाघाले?" आई म्हणाली. "वाघाले तं आमीच भेलो, साहेब! तो तं आमी कवाचाच काढला. अवो पोरी, वाघ कायले लावला? सरांचा लाव ना! थांबा साहेब, आमीच दाखवतो तुमाले." पल्लवी पुढे झाली तोवर आईनं सराईतपणे पेटीतली कळ फिरवली आणि सेन्सरपुढे हात हलवला.

"अबे बैताडा!" माझा आवाज हॉलभर फुटला. "हात काढ! हात काढ पहिले! काढला का? घरी माय वाट पाहून राह्यली तुही! अख्ख्या पोराची वाट पाहून राह्यली, तुकड्यांची नाही! कोनं ठेवली ही चावी? माहं बोलनं गोड लागलं तवापासून तुमी समदे माजले का?"

मोठ्या परीक्षकांचे दोन्ही हात वर गेले होते. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनीही यंत्रांवरून हात काढून घेतले. दूर कोणाचा तरी कप पडला. हॉलमध्ये इतकी शांतता, की मॅडम बोलल्या असत्या तर शेवटच्या रांगेत ऐकू आलं असतं. त्या हळूहळू वळल्या आणि चहूकडे शोधायला लागल्या.

"हा आवाज कोणाचा?" परीक्षकांनी हात खाली घेत विचारलं.

पल्लवीनं पेटीचं झाकण लावलं. नितीन वायरी मोजायला लागला. पोरं गुणाची, जीव गेला तरी नाव सांगणार नव्हती.

"ते काय, खांबामागं उभे हाय," पल्लवीची आई म्हणाली.

मी बाहेर आलो. "माहा हाय," म्हणालो. "वर्कशॉपातला." आता झाकून काय उपयोग? परीक्षकांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. आमचा दुसरा नंबर आला. आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच काहीतरी आलं. पहिला नंबर एका मोबाइल ॲपला गेला, ते मी आजवर कोणाच्या फोनमध्ये पाहिलेलं नाही. पल्लवी रडली, नितीन नाचला, आईनं सगळ्यांना हरबरा वाटला. परतीच्या बसमध्ये मॅडम पुढच्या सीटवर बसल्या होत्या. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "सर, उद्या सकाळी भेटा."

बायकोनं सकाळी नवा शर्ट काढून ठेवला. "गठ्ठे बांधाचे तं बांधाचे," म्हणाली, "पन तिथं कपड्याले तेल तं लागनार नाही." तिचा आवाज त्या दिवशी मऊ होता, तो मला जास्त लागला.

मॅडमच्या खोलीत गेलो. मला बसवेना, उभाच राहिलो.

"सर, तक्रार आली आहे," त्या म्हणाल्या.

"कोनाची, मॅडम?"

"माझी." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेरच्या कडुलिंबावर वानरांची टोळी बसली होती आणि एक म्होरक्या खिडकीच्या चौकटीवर, आमच्याकडे तोंड करून. "मी आल्यापासून ही रोज येतात. तेरवा ड्रॉवर उघडला. परवा डबा नेला. मी त्यांना रोज विनंती करते."

"मग?"

"ऐकून घेतात. आणि मग डबा नेतात." मॅडमनी फोन हातात घेतला. "मला एक रेकॉर्डिंग करून द्या."

मी म्हटलं, "मॅडम, माफ करा. राग मागून येत नाही."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, बोटानं काहीतरी दाबलं, आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "पण त्या मफलरच्या दिवशी तुमचंच चुकलं, सर."

"माहं चुकलं?" मी म्हणालो. "माहं चुकलं? मॅडम, तो मफलर चकात गेला असता ना, तं मामा तक्रार घेऊन नसते आले, मामा वेगळ्याच कामाले आले असते! पोट्टं रडलं म्हनता? रडू द्या ना! रडाले गळा तं राह्यला त्याचा! इतके वर्षं हे पोरं माह्या हाताखालून गेले, एकाचं बोट नाही जाऊ दिलं म्या! कोनाच्या भरवशावर? ह्या आवाजाच्या भरवशावर! अन् तुमी म्हनता विनंती करा! मी पळून राह्यलो मॅडम, या गुडघ्यावर पळून राह्यलो, कायले? तं तुमाले आवाज नको! मले माहं वर्कशॉप पाहिजे, तुमची सुतळी नको मले!"

मी थांबलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायचं सुचलं नाही. दारात कारकून, शिपाई, दोन प्राध्यापक आणि बाहेरचा चहावाला असे सगळे गोळा झाले होते. टेबलावर चढून बोललो नाही एवढंच. प्राचार्यांना असं कोणी बोललेलं त्या कॉलेजात मी ऐकलं नव्हतं, आणि ते बोलणारा मीच होतो.

मॅडमनी फोनवर बोट ठेवून तो बंद केला. मग खिडकीबाहेर पाहिलं. चौकट रिकामी होती. कडुलिंबही रिकामा होता.

"मफलरचं मी मनापासून म्हटलं नव्हतं, सर," त्या म्हणाल्या. "काल त्या हॉलमध्ये मीही पर्स सोडून दोन्ही हात वर केले होते. तेव्हा कळलं." त्यांनी चष्मा पुसला. "जिन्याखाली तुमच्यासाठी टेबल लावायला सांगितलं होतं. ते परत पाठवते."

मशीनवरून फडकं फिरवावं तसा मी त्यांच्या टेबलावरून हात फिरवला. "मॅडम..." एवढंच म्हणून मी तिथेच उभा राहिलो.

तेवढ्यात दहाची घंटा झाली आणि पलीकडे वर्कशॉपमध्ये कोणीतरी लेथ सुरू केल्याची घरघर ऐकू आली. मॅडमनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टेबलावर हात आपटला.

"पोरं एकटी आहेत तिथे! इथे काय उभे राहिलात? जा!"

तो त्यांच्या मानानं चांगलाच ओरडा होता. दारातले सगळे दचकून मागे सरले. मी घाबरलो आणि नव्या शर्टासकट वर्कशॉपकडे पळत सुटलो.